एकशे ऐंशी चौकोन

मित्रांनो, मी एक जुना, एकाच दाराचा फ्रिज आहे. कारखान्यात माझ्या अंगावर आकाशी रंग चढला, तेव्हा वाटले, आपले नशीब उजळले. एका नव्या जोडप्याने मला घरी आणले. बाई दवाखान्यात नर्स होत्या. सारी इमारत त्यांना 'सिस्टर' म्हणे. त्यांचे यजमान छापखान्यात मशीन चालवत आणि चहात साखरसुद्धा चमचा सपाट करून घालत. म्हणून लोकांनी त्यांचे नाव पाडले 'मोजमापे'.

पहिली दोन वर्षे मी तुडुंब भरलेला असे. सिस्टरची बहीण मुलांना घेऊन यायची. माझे दार दिवसातून पन्नासदा उघडायचे. मग एका रविवारी मोजमाप्यांनी जाड कागदावर एकशे ऐंशी चौकोन आखले आणि तो माझ्या दारावर चिकटवला.

"महिन्याला एक रंगवायचा," ते म्हणाले. "पंधरा वर्षं पोटाला चिमटा काढू. पंचेचाळिशीत दोघंही नोकरीतून मोकळे!"

"मग गजर लावायचा नाही ना कधी?"

"घड्याळच विकून टाकू की!"

दोघे खळखळून हसले. पहिला चौकोन सिस्टरनीच रंगवला.

त्यानंतर मी रिकामा होत गेलो. पाहुणे थांबले. माझा आतला दिवा गेला, तर मोजमापे म्हणाले, "आत काय आहे ते आपल्याला पाठच आहे." दाराचे रबर फाटले, तेव्हा त्यांनी सायकलच्या ट्यूबने दार आवळून बांधले. तरी थंडावा गळायचाच. मग मी दिवसभर घरघरत राहायचो. मेकॅनिक म्हणाला, "दादा, याला आता सुट्टी द्या."

"आम्हालाच सुट्टी नाही, याला कुठली?"

मी कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, पुन्हा कामाला लागलो.

सिस्टर जादा पाळ्या करू लागल्या. बहिणीचे ऑपरेशन झाले, तेव्हाही त्या गेल्या नाहीत. "नंतर आहेच की वेळ," असे त्यांनी फोनवर सांगितले. फोन ठेवला आणि माझ्या दाराला कपाळ टेकून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. दार बांधलेले, मी मुका. मी नुसता थरथरत राहिलो.

अखेर शेवटचा चौकोन रंगला. "उद्या सांगून टाकू दवाखान्यात?" सिस्टरनी विचारले. मोजमाप्यांनी पेन्सिल घेऊन खाली आणखी चोवीस चौकोन आखले. "दोनच वर्षं गं. काही झालंबिलं तर हाताशी असावं."

तीही दोन वर्षे सरली, आणि मोजमाप्यांनी पुन्हा पट्टी उचलली. या वेळी सिस्टरनी कागदावर हात ठेवला.

"अजून पुरेसं नाही का साठलं?"

"साठलंय." त्यांचा आवाज खाली आला. "पण काम सोडून मी करू काय? भीती वाटते."

"सतरा वर्षांत आज पहिल्यांदा खरं बोललात! मी मात्र राजीनामा देतेय."

दिला. महिनाभराने त्या बहिणीकडे निघून गेल्या. मोजमापे छापखान्यात जात, येत, उभ्या उभ्या गार पाणी पीत. एकदा त्यांनी तो कागद काढायला नख लावले. कोपरा सुटला, तसा घाईने पुन्हा दाबून बसवला. मला वाटले, आता हा माणूस माझ्यासारखाच इथे घरघरत संपणार.

एका सकाळी मात्र त्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"मी कागद दिला."

"कसला?"

"राजीनाम्याचा."

मग सिस्टर म्हणाल्या, "जेवलात का? या इकडे."

"किती दिवस राहायचं?"

"मोजू नका हो!"

त्यांनी मला रिकामे केले, प्लग काढला, कोरड्या फडक्याने आतून पुसले. सवयीने दार आवळायला ट्यूब उचलली, क्षणभर थबकले, आणि ती कचऱ्यात टाकली. दाराच्या फटीत वर्तमानपत्राची गुंडाळी खोचून ते निघाले. बाहेर कुलूप लागले.

पुढे त्यांचे काय झाले, मला ठाऊक नाही. मी अजून याच कोपऱ्यात आहे. मित्रांनो, एवढेच सांगतो: फ्रिज बंद ठेवायचा असेल तर दार जरासे उघडे राहू द्या. गच्च आवळून ठेवले, तर चांगल्या वस्तूलाही आतून बुरशी धरते.