आठ बोंबील, आठ दिशा

तारापूरच्या किनाऱ्यावर बेंजो वाजत होता आणि निमेशच्या खांद्यावर घोळ मासा होता. घोळ म्हणजे लॉटरीच. त्याच्या पोटातल्या पिशवीला व्यापारी लाखांनी मोजतात. अख्खा गाव दर्याबाबांच्या पाया पडत होता. घोळ कुठे मिळेल ती गुप्त दिशा निमेशच्या कानात त्यांनीच तर सांगितली होती!

"समुद्र माझ्याशी बोलतो," बाबा म्हणाले. परवा होडीत पाय ठेवताच त्यांना तीनदा उलटी झाली. ती समुद्राचीच भाषा होती म्हणे.

जमना तेवढी हात जोडत नव्हती. तिचा नवरा एकनाथ हातगाडीवर बोंबलाचं जाळं घालून आला होता, बाबांना वाहायला. त्याच जाळ्यावर त्यांचं घर चालायचं.

"महिना झाला, तुमाला घोळ लागला नाय," जमना म्हणाली.

"माझ्या मनात शंका आली ना! जाळं वाहिलं की शंका जाईल, बाबा बोलले. निमेशला लागला, मंग मला का नाय?"

"दिशा कंची सांगितली?"

"तोंडातून काढली तर घोळ पळतो."

जमनाने पाटीतले सुके बोंबील उचलले. बाबांनी दिशा दिलेले होडीवाले आठ. प्रत्येकाच्या हातात तिनं एकेक दिला.

"बोलू नका, बाबांचा मान ठेवा. सांगितली त्या दिशेला डोकं करून रेतीत ठेवा फक्त."

"महापाप!" बाबा किंचाळले. तोवर बोंबील मांडून झाले होते. निमेशचा पश्चिमेला, तात्यांचा उत्तरेला... आठ बोंबील, आठ दिशांना. एकनाथचा समुद्राला पाठ करून.

निमेशची बायको हंसा ओरडली, "अगो बाय, भावजी, तुमचा तर बोईसर स्टेशनला चालला!"

"आनी माझा बाजूच्या सरावली गावाला," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"म्हनून मी रोज खाडीच्या चिखलात रुतायचो," एकनाथ म्हणाला.

"आठांना आठ दिशा वाटल्या," जमना म्हणाली. "एकाला तरी लागनारच. तो वाजतगाजत येतो. बाकी सात शंका आली म्हनून घरात गप."

"पूर्वेला पाताळसमुद्र आहे!" बाबा.

"चला मंग दाखवायला, रिक्षा बोलावतो," तात्या म्हणाले.

बाबा पळाले ते नेमके समुद्रात. कंबरभर पाण्यात पुन्हा उलटी झाली.

एकनाथनं हातगाडी वळवली. "पन जमने, मी पश्चिमेला गेलो असतो तर?"

"जावा की. बोंबलाचंच जाळं घेऊन जावा. घोळ लागला तर मी रागावनार नाय."

आशा जरूर ठेवा. फक्त कुणाचं नशीब उघडलं असं ऐकलं की एवढं विचारा: गेले होते किती, आणि रिकाम्या हातानं आले किती?