बाकावरचं अंतर

चौदा वर्षं चाललेल्या त्या वेबकॉमिकमध्ये शिंपीणबाई आणि घड्याळवाला एका बाकावर बसल्याची चित्रं एकूण त्रेसष्ट होती. धाकटीने ती सगळी मोजली, कारण दोघांचं जुळलंय अशी तिने ताईशी पैज लावली होती. हरेल तिने महिनाभर भांडी घासायची.

"अगं, नुसते शेजारी आहेत ते!" ताई म्हणाली.

"शेजारी असे जवळ सरकत नाहीत, ताई."

"कोण सरकलंय? उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. पुरावा दाखव."

धाकटीने सगळी चित्रं एकाच आकारात छापून आणली आणि पट्टी पुढे केली. ताईने चष्मा लावून स्वतः दोनदा मोजलं, मग भांडी घासायला बाह्या सरसावल्या.

पहिल्या चित्रात दोघांमधलं अंतर एकेचाळीस मिलिमीटर होतं, त्रेसष्टाव्यात तीन.