जास्तीची मासोळी

"एका माणसाले दोन मासोळ्या कायले लागते वो बाप्पा? इथी आमाले एक भेटाले मारामार!"

हे करवादणं खुर्शीदाच्या थेट मानेवर आदळलं. रांग इतकी दाट होती की बोलणारीच्या तोंडातल्या सुपारीचा वासही तिला येत होता. वळून पाहायची गरजच नव्हती. ही बायनाबाई. भद्रावतीच्या आयुध निर्माणी वसाहतीतली, खुर्शीदाची बांगड्यांची गिऱ्हाईक; हात मांसल, साबण लावल्याशिवाय बांगडी चढत नाही, चढली की म्हणते "सैल झाली."

"असू द्या बाई एक जास्तीची," खुर्शीदा म्हणाली. "एखादी मेली तं?"

तिच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बोटाएवढ्या दोन मरळी गोल गोल फिरत होत्या. मृगाच्या दिवशी हैदराबादच्या या मैदानावर दम्याचं औषध मिळतं. जिवंत मासोळीच्या तोंडात औषधाची गोळी भरायची आणि मासोळी रोग्याच्या घशात सोडून द्यायची. लागोपाठ तीन वर्षं. खुर्शीदाच्या मोठ्या भावाचं, मुजफ्फरचं, हे तिसरं वर्ष होतं. सव्वीस वर्षं त्याने माजरीच्या खाणीवर पाणी उपसायचे पंप चालवले. आता स्वतःच्या छातीत हवा ओढताना मात्र दर चार पावलांना थांबावं लागत होतं. तो पुढे उभा होता, बांबूच्या कठड्याला धरून.

"काऊन मुजफ्फरभाऊ, फरक हाय का?" बायनाबाईच्या नवऱ्याने विचारलं.

"हाय ना. थोडासा."

"मलेबी हाय. थोडासा."

या रांगेत फरक नाही असं कोणी म्हणत नसे. म्हटलं की औषध रुसतं, असं सगळे धरून चालत. त्यामुळे धापा टाकत, खोकत, एकमेकांना आधार देत हजारो माणसं एकमेकांना थोडासा फरक सांगत होती.

खुर्शीदाचं लक्ष मात्र मैदानाच्या फाटकाकडे होतं. दोनशे माणसं राहिली असतील पुढे. अजून तो आला नव्हता.

तो म्हणजे खुशाल रामटेके. गडचिरोलीकडच्या धानोऱ्याला सोसायटीच्या गोदामात मोह, हिरडा, डिंक तोलणारा. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी ब्रह्मपुरीला दिलेली. तिला त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं. पत्ता नाही, फोन नाही. वर्षातून एक दिवस, अशी दोन वर्षांची ओळख. दम्याचा माणूस, वर्षभरात काहीही होऊ शकतं. पावसाळ्यात धानोऱ्याकडचे रस्ते बंद पडतात, हे तिने एसटीच्या कंडक्टरला उगाच विचारून ठेवलं होतं. कंडक्टर म्हणाला होता, "तुमचं कोन हाय तिकडं?" आणि ती म्हणाली होती, "कोनी नाई."

पहिल्या वर्षी याच रांगेत त्याच्या पिशवीतली मासोळी मेली होती. पाणी कमी घेतलं होतं. तोलणारा माणूस, पण पाण्याचा अंदाज चुकला. हातात पिशवी धरून तो असा उभा होता, जणू एखाद्याची परीक्षेची वेळ टळून गेली आहे. खुर्शीदाकडे दोन होत्या. तिची ती सवयच. बांगड्यांच्या धंद्यात डझनामागे एक जास्तीची धरावीच लागते, फुटीची. तिने फुटीची मासोळी त्याला दिली. तो पैसे देऊ लागला तेव्हा म्हणाली, "ठेवा भाऊ. ही तशीबी फुटनारच होती."

त्या वर्षी औषध घेतल्यावर मुजफ्फर झाडाखाली आडवा झाला. खुर्शीदाला लाड बाजार पाहायचा होता. वीस वर्षं ती ज्या बांगड्या विकत होती त्या बनतात तरी कुठे, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

"इनके साथ चली जा," मुजफ्फर डोळे मिटून म्हणाला. "शरीफ आदमी दिखते."

खुशालला तलावातला बुद्धाचा पुतळा पाहायचा होता. एक वर्ष तेलंगणाच्या सीमेवर सिरोंच्याला काढल्यामुळे आपल्याला तेलुगू येतं, असं त्याने तिला मोठ्या विश्वासाने सांगितलं. मग पानवाल्याला पाण्यातला बुद्ध कुठे म्हणून विचारलं, आणि पानवाल्याने दोन गिलास पाणी पुढे केलं. दोघांनी ते निमूट प्यायलं. खुर्शीदाला हसू आवरेना. "आनखी काय काय येते तुमाले तेलुगूत?" तर म्हणाला, "जेवन बी मांगता येते." त्यानंतर ते चुकीच्या बसमध्ये बसले, शहराच्या भलत्याच टोकाला उतरले, पुन्हा उलटे आले. एकाही पाटीचं अक्षर दोघांपैकी कोणाला लागत नव्हतं. भद्रावतीत, नवरा नसलेल्या, भावाकडे राहणाऱ्या बाईने घराबाहेर पाऊल टाकलं की चार खिडक्यांतून विचारणा होते. इथे हरवलं तरी विचारणारं कोणी नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती संपू नये असंही वाटत होतं.

तलावाच्या काठावर त्याने चपला काढून हात जोडले. ती बाजूला उभी राहिली.

"एवढा मोठा मानूस," ती म्हणाली, "अन् पान्याच्या मधात एकटाच."

"एकटा कुठी? सारे येते ना पाहाले."

"पाहाले येते. मंग घरी जाते."

त्याने चपला पायात घातल्या. लाड बाजारातून परतताना तिचा बांगड्यांचा गठ्ठा त्याने छातीशी धरून आणला, आणि श्वास लागला की फळांच्या गाडीपाशी थांबून भाव विचारायचा. घ्यायचा काहीच नाही. तिसऱ्या गाडीपाशी तिच्या ध्यानात आलं. घरी गठ्ठा सोडला तर एकही बांगडी फुटलेली नव्हती.

दुसऱ्या वर्षी मुजफ्फर म्हणाला होता, "फायदा नहीं हो रहा, खुर्शीदा. कायको खर्चा?"

"तीन साल का कोर्स है भाईजान. आधे में छोडते क्या?"

ती भावासाठी बोलत होती. स्वतःला तिने तेच सांगितलं, मेथी निवडताना, वसाहतीत बांगड्या भरायला बायांचे हात हातात घेताना. यंदाच्या माघात मुजफ्फर नऊ दिवस चंद्रपूरच्या दवाखान्यात होता. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं. भावजय नको म्हणाली. खुर्शीदा म्हणाली, "तिसरा साल है, आखरी." मुजफ्फरने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि टोपी मागितली.

आता पन्नासेक माणसं उरली. पिशवीतल्या एका मासोळीने फिरणं थांबवलं. खुर्शीदाने पिशवी हलवली. ती पुन्हा फिरू लागली.

"खुर्शीदाबाई!"

फाटकाकडून नाही, मागून आला तो. वाळला होता. सदऱ्याची कॉलर मानेभोवती मोठी दिसत होती. लोकांच्या शिव्या खात, कठड्याखालून वाकून तिच्यापाशी पोहोचला तेव्हा त्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

"मासोळी कुठी हाय तुमची?" तिने विचारलं. यावेळी तिच्या तोंडून 'भाऊ' निघालं नाही.

"नाई आनली." त्याने दम घेतला. "तुमच्यापाशी असन म्हनलं."

बायनाबाईचं सुपारी चघळणं थांबलं.

औषध घेऊन मुजफ्फर झाडाखाली आडवा झाला, पण यंदा ते दोघं लाड बाजारात गेले नाहीत. खुशालच्याने चालवत नव्हतं. रिक्षाने तलावापर्यंत गेले आणि काठावर बसून राहिले. तो मुलीबद्दल बोलला, नातवाच्या दातांबद्दल बोलला, गोदामाला नवा तोलकाटा आला त्याबद्दल बोलला. तिने वसाहतीत आता प्लॅस्टिकच्या बांगड्या मागतात ते सांगितलं. उद्या धानोरा, उद्या भद्रावती. पुढच्या मृगाला दोघांनाही इथे यायचं कारण उरलेलं नव्हतं. दोघं त्या एका गोष्टीभोवती फिरत राहिले. तिची नजर त्याच्या गुडघ्यावरच्या हातावर होती. चाळीस वर्षांच्या आयुष्यात किती हात तिने दाबून, वळवून, मऊ करून पाहिले असतील. या हाताचं काय करायचं ते मात्र कळत नव्हतं.

"तीन झाले," तो म्हणाला.

"हो. तीन झाले."

परतल्यावर झाडाखाली गर्दी दिसली आणि ती धावली. मुजफ्फर उकिडवा बसला होता, दोन्ही हात जमिनीला टेकून, ओठ निळसर. बायनाबाई पदराने वारा घालत होती.

"कुठी गेल्ती वो तू? दोन घंटे झाले, मानूस तडफडून राह्यला इथी!"

खुर्शीदा भावाची पाठ चोळत राहिली. खुशालने पाणी आणलं, त्याच्या खांद्याला टेकू दिला. मैदानावरच्या डॉक्टरने सुई दिली. अर्ध्या तासाने श्वास जागेवर आला, तेव्हा मुजफ्फर बायनाबाईला म्हणाला, "मैनेच भेजा था उसको. चूडियां लाने."

बायनाबाईने खुर्शीदाच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

परतीची रात्रीची गाडी सगळ्यांची एकच होती. सकाळी चंद्रपूरला उतरून सगळे एकाच रस्त्याने एसटी स्टँडवर आले. गडचिरोलीमार्गे धानोऱ्याला जाणारी गाडी लागलेलीच होती. भद्रावतीची यायची होती. मुजफ्फर बाकावर बसला, शेजारी बायनाबाई आणि तिचा नवरा.

"येतो मंग भाऊ," खुशाल मुजफ्फरला म्हणाला. "तब्बेत जपा."

"तुमीबी. फरक हाय ना?"

"हाय," खुशाल म्हणाला. "थोडासा."

तो खुर्शीदाकडे पाहून नुसता मान हलवून गाडीत चढला. खिडकीशी बसला. खिडकीला काच नव्हती, गज होते. त्यांमधून तो समोरच्या फलाटावरच्या पाटीकडे बघत राहिला, जणू तीही तेलुगूत लिहिलेली होती. कंडक्टर खाली उभा राहून चहा संपवत होता. खुर्शीदाने कप पाहिला. तीन घोट असतील. दोन.

ती भावासमोर जाऊन उभी राहिली. घरात ती त्याच्याशी जन्मभर हिंदीत बोलली. आता मराठीत बोलली, गजांपलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बायनाबाई हातभर अंतरावर होती, असू दे.

"भाईजान, तुले त्या औषधानं फरक नाई पडला. पह्यल्याच साली समजलं होतं मले. तरी मी तुले घेऊन जात होतो. माघात तू मरता मरता वाचला, तरी नेलं. तुह्यासाठी नाई नेलं. माह्यासाठी नेलं. या मानसाले भेटाले."

स्टँडवर माणसं ये-जा करत होती. बायनाबाईचा नवरा खोकायचा थांबला. कंडक्टरने कप टपरीच्या फळीवर ठेवला आणि पायरीवर पाय दिला. मुजफ्फर तिच्याकडे पाहत होता. बोलण्यापुरता श्वास गोळा होईपर्यंत त्याला बराच वेळ लागला.

"मालूम हाय मले," तो म्हणाला. "त्याले उतरव... आधी खाली. गाडी... सुटून राह्यली."