आपा कोणाला म्हणायचं

"ओठ मीट. आता गाल फुगव. आणि सोड... पा!" मी म्हटलं.

मीरिमने आरशात आधी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. आणि जीभ बाहेर काढून आरसाच चाटला.

"आईच्या वळणावर गेलीय," दाराशी स्टुलावर बसलेली उलकानआजी म्हणाली. "सांगावं एक, करणार भलतंच."

ती आई, जिबेक, तिथेच खिडकीपाशी उभी होती. मॉस्कोहून बारा दिवसांच्या रजेवर आलेली. तिकडे ती कुठल्याशा गोदामात खोकी भरते. टोमणा ऐकून तिने खिडकीबाहेर पाहिलं. सासूपुढे सून बोलत नाही, आमच्या नारीन गावात तरी अजून नाही.

इथल्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं मी मुलांना बोलायला शिकवते. एक आरसा, जीभ वळवायच्या लाकडी पट्ट्या, फुंकायला कापसाचे बोळे, आणि चिकाटी, जिला माझा नवरा हट्टीपणा म्हणायचा. चार वर्षांच्या मीरिमला ऐकू यायचं, समजायचंही सगळं, पण तोंडातून शब्द म्हणून नाही. बोट दाखवून काम भागवायची. सहा महिने घोटून घेतल्यावर कुठे 'प' ओठांवर आला होता. आता आज ना उद्या ती 'आपा' म्हणणार होती. आपा म्हणजे आई. प्रश्न एवढाच होता, की म्हणणार कोणाला?

कारण मीरिम पहिलं नातवंड, आणि आमच्याकडे पहिलं नातवंड आजी-आजोबांचं. अंगावरचं दूध तुटलं की सून ते सासूच्या मांडीवर ठेवते. मग ते मूल आजीला आपा म्हणतं आणि जन्मदातीला वहिनी. कोणी कोणावर जबरदस्ती करत नाही. रीत आहे, आणि रीतीशी भांडणार कोण?

उलकानआजी औषधांच्या रांगेत गेली, तशी जिबेकने माझी बाही धरली.

"मावशी, शनिवारी माझं विमान आहे. मला कायमचं नको, एकदाच. एकदा माझ्याकडे बघून आपा म्हणू दे तिला."

"शब्द माझ्या हातात असतो गं. तो कोणाला म्हणायचा ते माझ्या हातात नसतं."

"तिकडे एका खोलीत आठ जणी राहतो आम्ही. सगळ्यांची पोरं फोनवर बडबडतात. मी फोन घेऊन जिन्यात जाते, कारण माझ्या फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येतो."

उलकानआजी परत आली ती आमच्या तोंडांकडे बघूनच काय ते समजली.

"पोरीला भलतंसलतं शिकवू नकोस हं, झूरा. मीपण माझं पहिलं दिलं होतं. मेले का मी? आणि तुझा एसेन तुला काय म्हणतो ते सांग की हिला!"

मी पट्ट्या उकळायला टाकल्या. एसेन माझा थोरला. त्याला 'र' म्हणता येईना, तेव्हा याच आरशासमोर बसवून मी त्याची जीभ वळवली. सासूबाई त्याच दाराशी बसायच्या, आणि धडा संपला की तो त्यांच्याकडे पळायचा. आज छत्तीस वर्षांचा आहे. दर सणाला मांस घेऊन येतो आणि खणखणीत आवाजात विचारतो, "वहिनी, कशी आहेस?" चांगला आहे पोरगा. पण त्या हाकेची अजून सवय झालेली नाही मला. खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी, जिबेकच्या शेवटच्या दिवशी, मी उलकानआजीचं स्टूल उचलून बाहेर ठेवलं.

"आज तुम्ही इथे बसा, ताई. दारातून वारं येतं, पोरीचं लक्ष जातं."

"इतके दिवस नाही ते वारं आलं?" ती पुटपुटली, पण बसली.

एकतीस वर्षांत त्या दाराला मी कधी कडी घातली नव्हती. त्या दिवशी घातली. माझी खुर्ची जिबेकला दिली. आरशात आता दोघींचेच चेहरे होते.

"आ... पा," जिबेक म्हणाली.

मीरिमने तिच्या ओठांना बोट लावून पाहिलं. मग स्वतःचे ओठ मिटले, गाल फुगवले. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि कधी नव्हे ती देवाची आठवण काढत होते.

तेवढ्यात मीरिमची नजर आरशातल्या दाराकडे गेली. तिथे स्टूल नव्हतं, आजी नव्हती, आणि दार बंद होतं. तिचा चेहरा रडवेला झाला. ती खुर्चीवरून घसरली, धावत गेली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली.

"आपा! आपा! आपा!"

अगदी स्वच्छ. कुठे म्हणून चूक नाही.

"आले गं माझ्या वासरा, आले!" पलीकडून उलकानआजी रडत ओरडली आणि दार ढकलू लागली. कडी मात्र आतून होती.

सहा महिने ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला, आणि मला वाटलं, आला नसता तर बरं झालं असतं. मी भिंतीपाशीच उभी राहिले. करणी माझीच होती. दार उघडं असतं तर कदाचित तिने तो आरशासमोरच म्हटला असता. हे मी जिबेकला सांगितलं नाही, पुढेही सांगणार नाही.

शेवटी जिबेकच उठली आणि तिने कडी काढली.

मीरिम आजीच्या कुशीत शिरली. उलकानआजी तिचं कपाळ हुंगत राहिली. मग तिने वर सुनेकडे पाहिलं, आणि त्या दिवशी तिला एकही टोमणा सुचला नाही.

जिबेक मुलीचा कोट घेऊन गुडघ्यांवर बसली. एकेक करून बटणं लावली. गळ्याजवळचं बटण काही केल्या लागेना, ते तिने तसंच सोडलं.

"छान बोललीस हं, मीरिम," ती म्हणाली. "चल आता. जिना उतरायचाय, वहिनीचा हात धर."

मीरिमने हात धरला.