उजव्या हाताची साखर

"आजपासून पृथ्वीतलावर मधुमेह नावाचा रोग उरलेला नाही," आरोग्यगुरू यज्ञेशजींनी औशाच्या मंगल कार्यालयात जाहीर केलं. तीनशे माणसांनी हात जोडले. पाठोपाठ त्याच माईकवरून सूचना आली, "माऊलींनो, रांग हलवा. प्रसाद वितळून राहिला."

प्रसाद म्हणजे काळं, कडू चॉकलेट. रोग पृथ्वीवरून गेला होता, पण बेचाळीस डिग्रीचं ऊन औशातच होतं. म्हणून वेष्टनं काढलेल्या दैवी वड्या आईस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरात बसून भक्तांची वाट पाहत होत्या.

विज्ञानाचे निवृत्त शिक्षक माधवराव रांगेत उभे होते, पण नजर बायकोवर होती. सिंधुबाई पहिल्या रांगेत बसून तिसरी बाटली पाणी पीत होत्या. नऊ दिवसांपूर्वी इथंच त्यांची साखर पंधरा मिनिटांत तीनशे नव्वदवरून एकशे सत्तरवर आली होती. तेव्हापासून इन्शुलिन बंद, वडी चालू. पायाच्या अंगठ्याची जखम मात्र काळवंडत चालली होती.

"मशीनवर ह्या डोळ्यांनी बघितलं की वो," त्या म्हणत. "मशीन खोटं बोलतंय का?"

मशीन खोटं बोलत नाही, हे माधवरावांनीच औशातल्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं. शेवटी ते स्वतःच रोगी होऊन आले. त्यांना मधुमेह नव्हता. गेल्याच महिन्यात तपासून घेतलं होतं.

टेबलापाशी शेजारचे शेषेराव पळीनं पंचामृत वाटत होते. सिंधुबाईंना पहिल्यांदा इथं आणलं ते त्यांनीच.

"उजवा हात करा मास्तर. मध लई घातलाय."

माधवरावांनी तीर्थ घेतलं आणि सवयीनं हात डोक्यावरून फिरवला. शेषेरावांनी पळी ठेवून मशीन उचललं आणि त्याच हाताचं बोट धरलं.

"स्पिरिटचा कापूस?"

"स्पिरिटनं तीर्थाची ताकद जाती, गुरुजी म्हणतेत."

आकडा आला तीनशे बेचाळीस.

"पाहिलंत?" यज्ञेशजी माईकमध्ये हळहळले. "आयुष्यभर पुस्तकं खाल्ली, अंगात विषच साठणार. आता ही वडी घ्या. हिच्यात फ्लॅव्होनॉइड नावाची शक्ती वास करते. ती रक्तात उतरली की साखर पळ काढते. मग मंत्रजलानं हात धुवा, पुन्हा मशीनवर या."

लोक हसले. माधवराव आपल्या बोटांकडे पाहत होते. बोटं एकमेकांना चिकटत होती.

त्यांनी वडी सदऱ्याच्या खिशात टाकली. "शेषेराव, आता डावा हात तपासा."

"देवाच्या कामाला डावा हात चालत नाही," यज्ञेशजी म्हणाले.

"साखर माझी आहे. देवाची नाही."

शेषेरावांनी एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. मग डाव्या बोटाला सुई लावली. अठ्ठ्याण्णव.

"माझ्या दोन हातांत दोन रक्तं आहेत का हो?"

शेषेराव पळीकडे बघत राहिले. "उजव्याला मध हाय," ते हळूच म्हणाले.

"मशीन खरंच बोलतं," माधवराव बायकोकडे वळले. "पण आधी ते बोटावरचा मध मोजतं. हात धुतला की मध जातो आणि खरी साखर दिसते. तुझी त्या दिवशीही एकशे सत्तरच होती, इन्शुलिनमुळं. वडीनं काही केलं नाही."

सिंधुबाई उठल्या. लंगडत नळापर्यंत गेल्या, साबणानं दोन्ही हात धुतले, पुसले आणि डावा हात टेबलावर ठेवला.

चारशे अडतीस. या वेळी बोटावर मध नव्हता.

"विष बाहेर पडून राहिलं, माऊली," यज्ञेशजी म्हणाले. या वेळी कुणी हात जोडले नाहीत.

"वहिनी, लातूरला दवाखान्यात चला," शेषेराव म्हणाले, आणि जीप काढायला धावले.

माधवरावांनी माईक घेतला. "काळं चॉकलेट वाईट नाही. आवडत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर दिवसाच्या खाण्यात धरून एखादा लहान तुकडा खा. पण त्यातही साखर आहे, चरबी आहे. वेष्टनावर तसं छापलेलं असतं, म्हणून इथं वेष्टनं काढून टाकली. तो खाऊ आहे, औषध नाही. गोळ्या, इन्शुलिन आपल्या मनानं सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर आधी हात धुवा. जोडायचे का ते मग ठरवा."

विवेकावर आणखी चार शब्द बोलावेत म्हणून त्यांनी घसा खाकरला.

"अहो," दारातून सिंधुबाईंचा कोरडा पडलेला आवाज आला, "राहिलेलं जीपमध्ये बोला. आधी खिशातली ती वडी तेवढी काढा. डाग मलाच धुवावा लागतो."