वाढत्या अंगाची झबली

जाळीच्या तळाची गाठ काही केल्या सुटेना. पावसाने सुतळी फुगून नुसतं लाकूड झालं होतं. शेवटी तिने दात लावले. मागे विभागप्रमुख, म्हणजे सगळ्यांचे मोठे सर, छत्री टेकून उभे होते. पलीकडे ओंडक्यावर तिचे वडील, आप्पा, गळ्यात शिंपीकामाची टेप अडकवून बसले होते. आपण शिवलेल्या जाळ्या रोपांच्या अंगावर कशा बसल्यात ते बघायचंय, एवढ्यासाठी ते जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेत आले होते.

पायाखाली मिठासारखी पांढरी वाळू होती. शेजारचा ओढा ओलांडला की लाल चिकणमाती. अंतर एका उडीचं, पण जंगल पार बदलायचं. पलीकडची झाडं भराभर वाढणारी, मऊ पानांची. अलीकडची रखडत वाढणारी, पानं चामड्यासारखी. असं का, यावरून तिचं आणि मोठ्या सरांचं सहा वर्षं वाजत होतं. सर म्हणत, या वाळूत कसच नाही, पलीकडची झाडं इथे उपाशी मरतात. ती म्हणे, मरत नाहीत, किड्यांकडून खाल्ली जातात. कस नसलेल्या मातीत गेलेलं पान पुन्हा घडवणं परवडत नाही, म्हणून इथे पान जिवापाड जपणारी कंजूष झाडंच टिकतात.

"कापड मातीचं आहे, पण कात्री किड्यांची," असं ती एकदा भर बैठकीत म्हणाली होती. तेव्हा हशा पिकला होता. शिंप्याची मुलगी शेवटी कात्रीवरच येणार, असंही कोणीतरी म्हणालं. ते तिला लागलं होतं.

मग तिने दोन्हीकडची रोपं या वाळूत लावली, निम्मी उघडी, निम्मी जाळीत. त्यानंतर पूर आला, रस्ता वाहून गेला आणि सबंध पावसाळा इकडे कोणाला फिरकता आलं नाही. जाळीतली लाल मातीची रोपं मेलेली निघाली तर प्रयोग आजच बंद, हे सरांनी जीपमध्येच सांगून टाकलं होतं.

उघड्यावरच्या लाल मातीच्या रोपांच्या काड्या उरल्या होत्या.

"उपाशी," मोठे सर म्हणाले.

"खाल्ली." तिने कुरतडलेला देठ दाखवला.

"मेलेल्याला कोणीही खातं."

ती पुन्हा गाठीकडे वळली. याचं उत्तर जाळीत होतं, आणि जाळ्या शेवाळून अशा हिरव्या झाल्या होत्या की आतलं काही दिसत नव्हतं. याच जाळ्यांवरून ती आप्पांवर उखडली होती. गुडघ्याएवढ्या शिवायला सांगितल्या, तर यांनी पार डोक्याच्याही वर नेल्या. बांबू लांब आणावे लागले ते वेगळंच. ऐनवेळी उसवणार कोण, म्हणून तशाच बसवल्या. मोठ्या सरांनी त्यांना झबली हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

गाठ सुटली. तिने जाळी वर सारली, आणखी वर सारली, आणि टाचा उंचावल्या तरी शेंडा येईना. मऊ, तुकतुकीत पानांचं रोप तिच्या डोक्याच्याही वर गेलं होतं.

तिला ओरडावंसं वाटलं. आनंदाने छाती अशी भरून आली की तिने बांबूच धरला.

मोठ्या सरांनी एक पान उलटं करून पाहिलं. मग दुसरं. भोक कुठेच नव्हतं.

"ती शेजारची उघड."

शेजारच्या जाळीत वाळूचीच जात होती. तीही सुखरूप, पण वीतभर. कंजूष ते कंजूषच. त्यापुढच्या जाळीत पुन्हा लाल मातीचं रोप, पहिल्याहून उंच. सरांनी छत्री वाळूत खोचली आणि पुढच्या जाळीशी स्वतः गुडघे टेकून बसले.

"कात्री किड्यांची," गाठीशी झटापट करत ते पुटपुटले. "मला पुढच्या वर्षी वर्गात वेगळं शिकवावं लागणार. आणि तुझा प्रयोग ओढ्यापलीकडेही वाढवू. नाही म्हणू नकोस."

ती कसली नाही म्हणते. ती आप्पांकडे आली तेव्हा ते मान तिरकी करून रोपाकडे बघत होते, गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं केल्यावर बघत तसे.

"बगलेत जरा तंग झालंय," ते म्हणाले.

"आप्पा, तुमच्या मापाने केल्या म्हणून वाचली. मी सांगितलेल्या उंचीत शेंडे केव्हाच जाळीला टेकले असते, किड्यांनी बाहेरून खाल्ले असते." ती थांबली. "तुम्ही माझं माप का नाही धरलं?"

आप्पांनी टेपची गुंडाळी केली.

"तू घरी आलीस की म्हणायचीस, किडे आवरले तर ही झाडं वाळूतसुद्धा वाढतील. आणि माप सांगितलंस गुडघ्याएवढं. दोन्हीतलं एकच खरं असणार. मी पहिलं धरलं."

तिचा हात नकळत गुडघ्यापाशी गेला. गुडघ्याएवढं. सहा वर्षं सरांशी भांडून तिने माप मात्र सरांचंच, न वाढणाऱ्या रोपांचं, दिलं होतं.

"पुढच्या खेपेला किती ठेवू?" आप्पांनी विचारलं.

तिने हात वर केला, डोक्याच्या वर, जाईल तेवढा, आणि मग टाचाही उचलल्या.

आप्पांनी त्या बोटांकडे नजरेनेच माप घेतलं.

"बांबू बघायला लागतील," ते म्हणाले.