टाचेचा कोरा रकाना

कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत प्रश्न उमटला की मामा आधी चष्मा पुसायचे, मग प्रश्न मोठ्यानं वाचायचे आणि उत्तर तोंडानंच देऊन मोकळे व्हायचे. "उजव्या पायाची लांबी? दोनशे बेचाळीस." एवढं सांगून ते हाताची घडी घालून बसत. खिडकीतली रेघ आपली लुकलुकत राही.

"मामा, ते टाइप करायचंय," भाची म्हणायची.

"करतो गं. पण विचारलंय त्याला आधी तोंडानं सांगायला नको? काही रीतभात आहे की नाही?"

मामा बूट करायचे, पण दुकानात मिळतात तसले नव्हेत. आखूड, वाकडे, अपघातात चेचलेले पाय त्यांच्याकडे लंगडत यायचे आणि त्यांच्या बुटात बसून ताठ चालत जायचे. ज्याचा पाय आखूड, त्याच्या टाचेखाली बुचाचा तुकडा बसवायचा. तो किती जाड हवा, यातच सगळी मेख. चाळीस वर्षं मामांनी हे तुकडे रापीनं तासले. मग हात कापायला लागले. चहाची बशी वाजते तोवर मामींनी कानाडोळा केला, पण एके दिवशी रापी अंगठ्यात गेली आणि कारखान्यात बूच कापायचं मशीन आलं.

मशीनला सांगायचं कसं, हा प्रश्न भाचीनं सोडवला. ती एका छापखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. दोन दिवस रजा टाकून तिनं मामांसाठी एक बॅच फाइल लिहिली. म्हणजे फार काही नाही, कॉम्प्युटरनं एकामागून एक काय करायचं त्याची यादी. एक प्रश्न विचार, उत्तरासाठी थांब, ते लक्षात ठेव, दुसरा विचार. असे सात प्रश्न झाले की आकडे मशीनकडे धाड आणि एक चिठ्ठी छाप. मराठी अक्षरं त्या खिडकीत नुसती चौकोन होऊन पडायची, म्हणून प्रश्न इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहावे लागले. मामांना त्याचं काही वाटलं नाही. एक गिऱ्हाईक संपलं की खिडकी आपणहून पहिल्या प्रश्नावर परत यायची, म्हणजे मामांना पुन्हा उघडायचा ताप नको. ही सोय भाचीला स्वतःलाच फार आवडली होती.

"विचारतं तरी बिचारं," मामा म्हणाले. "तुझी मामी न विचारताच ठरवते."

"विचारत बसले असते तर अजून लग्नच ठरलं नसतं," मामी आतून म्हणाल्या. कारखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत घर होतं, त्यामुळे इथलं काहीही त्यांच्या कानांतून सुटत नसे.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग ग्रंथालयातल्या बाई बूट घालून बघायला आल्या.

भाची त्या दिवशी सहज आली होती. चिठ्ठीवरून बूट जोडणारा मामांच्या हाताखालचा कारागीर तयार बूट घेऊन आला, चकाकणारे, नाडीसकट. मामांनी ते पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. बाईंनी बूट घातले, उठल्या, आणि एकदम टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"छान उंच झाल्यासारखं वाटतंय," बाई म्हणाल्या. त्या भारी भिडस्त. "पण एकाच बाजूनं."

कारागिरानं चिठ्ठी आणून दाखवली. टाच, चोवीस मिलिमीटर. बाईंना बारासुद्धा पुष्कळ झाले असते.

"चोवीस?" मामा म्हणाले. "चोवीस मी कधी लिहिले?"

भाचीला कानकोंडं झालं. तिची फाइल, तिचं मशीन, आणि समोर बाई एका पायावर. ती पटकन बोलून गेली, "मामा, मशीन काही स्वतःच्या मनानं आकडा टाकत नाही. तूच टाकला असणार. आठव."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग चिठ्ठीकडे. आठवण्याचा प्रयत्न करताना माणसाचा चेहरा कसा लहान होतो, ते भाचीला दिसलं. "टाकला असेन," ते म्हणाले. त्यांनी बाईंची माफी मागितली आणि बूट स्वतःच्या हातानं कागदात गुंडाळून बाजूला ठेवले.

चार दिवसांनी मामींचा फोन आला. "तुझा मामा कारखाना बंद करतोय. महिनाअखेर."

"एका जोडीपायी?"

"जोडीचं नाही गं. थोरल्या भावजींचं असंच सुरू झालं होतं ना. आधी एक गोष्ट आठवेना, मग घराचा रस्ता आठवेना. हा म्हणतो, त्या बाईंना मी चालवून पाहिलं असेन, आकडा टाकला असेन, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. सकाळ-संध्याकाळ भिजवलेले बदाम खातोय. मी ठेवलेले मोजतो आणि मोजलेले पुन्हा मोजतो."

आपण काय बोललो ते भाचीला शब्दन्‌शब्द आठवत होतं. आठवणीचा हा गुण तिला त्या दिवशी मुळीच आवडला नाही.

रविवारी दुपारी ती गेली तेव्हा मामा आत पडले होते. झोपले नव्हते, नुसते भिंतीकडे तोंड करून होते. मामींनी खुणेनंच तिला कारखान्यात नेलं आणि फळीवरचे पत्र्याचे डबे दाखवले. "गिऱ्हाइकांची कार्डं आहेत. कोणी दुसरा कारागीर ही कामं घेणार असेल तर त्याला द्यायला म्हणून लावून ठेव. मला नाही बघवत."

भाचीनं डबा उघडला. वरच्याच गठ्ठ्यावर तिचं नाव होतं.

तिचा डावा पाय जन्मापासून आखूड. दुसऱ्या वर्षापासून आजतागायत तिच्या पायातला एकही बूट मामांखेरीज कुणी केला नव्हता. शाळेत पोरं तिच्या पायाकडे बघायची ती लंगडते म्हणून नव्हे, तर बुटाच्या आतल्या बाजूला मामांनी कोरलेली चिमणी बघायला. एकेक कार्ड ती उलटत गेली. लांबी, रुंदी, घोटा, सगळं निळ्या शाईत, ठसठशीत. फक्त टाचेचा आकडा दरवेळी पेन्सिलीनं, तिरपा, उभ्या-उभ्या लिहिल्यासारखा. सर्वांत वरचं कार्ड अलीकडचं, तिच्या नव्या जोडीचं. त्यात सगळं भरलेलं होतं आणि टाचेचा रकाना कोरा.

"मामी, हे राहिलंय का?"

मामींनी डोकावून पाहिलं. "राहिलंय कसलं? तू चालून दाखवलं नाहीस अजून. बाकीचा बूट आधी कापतो, टाच शेवटी. माणसाला चालवून पाहिल्याशिवाय टाच लिहायची नाही, हे त्याचं पहिल्यापासूनचं आहे. तुला माहीत नाही? मग लहानपणापासून या टेबलापासून त्या दारापर्यंत जा-ये करत होतीस ती काय हवा खायला?"

भाची कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.

तिनं खिडकी उघडली. एक खोटं गिऱ्हाईक घातलं, टाच चोवीस. खिडकी पहिल्या प्रश्नावर परत आली. दुसरं गिऱ्हाईक घातलं आणि टाचेचा प्रश्न आला तेव्हा मामा काय करतील ते केलं. काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं.

चिठ्ठी छापून आली. टाच, चोवीस.

बाईंच्या आधीचं गिऱ्हाईक टपालवाला होता. तिनं डब्यातून त्याचं कार्ड काढलं. टाच चोवीस, पेन्सिलीनं. मग बाईंचं काढलं; टाचेचा रकाना कोरा. तिच्या फाइलला कोरं उत्तर कळतच नव्हतं. समोरचा काही बोलला नाही की ती आधीचंच उत्तर मुकाट्यानं पुढे रेटत होती. भाचीनं फाइल वीस वेळा तपासली होती, पण दरवेळी सातही उत्तरं भरून. "अजून माहीत नाही" असं म्हणणारा माणूस तिनं जमेसच धरला नव्हता. मशीन आल्यापासूनची बाकीची गिऱ्हाइकं मापाच्या दिवशीच चालून दाखवून गेली होती, म्हणून हे आजवर उघडं पडलं नव्हतं.

ती आत गेली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"मामा, तू बाईंना चालवलं नव्हतंस. आकडाही टाकला नव्हतास. तू रकाना कोरा सोडलास, माझ्या फाइलनं टपालवाल्याचा आकडा त्यात कोंबला. मशीननं तो कापला, कारागिरानं आलेला तुकडा चिकटवून टाकला. चूक माझी आहे. आणि वर मीच तुला आठव म्हणाले."

मामा भिंतीकडेच बघत होते. "मग मला आठवत नव्हतं ते..."

"घडलंच नव्हतं. जे घडलंच नाही ते आठवणार कसं?"

मामा कूस बदलून तिच्याकडे वळले. डोळे पुसायला त्यांना चष्मा काढावा लागला आणि हात कापत असल्यानं तेही धड जमेना. भाचीनं चष्मा हातात घेतला आणि स्वतःच्या ओढणीनं त्यांचे डोळे पुसले, मग आपले.

"म्हणजे इतके दिवस मी बदाम उगाच खाल्ले?" मामा म्हणाले.

"खा," मामी दारातून म्हणाल्या. "बदाम काही वाया जात नाहीत."

फाइल दुरुस्त करायला भाचीला पाव तास लागला. आता प्रत्येक गिऱ्हाइकाआधी जुनी उत्तरं पुसली जात होती, आणि टाचेच्या प्रश्नाला कोणी नुसतं एंटर दाबलं तर खिडकी पुढे सरकत नव्हती. मामांनी चष्मा पुसला आणि भाचीचं कार्ड समोर ठेवून बसले. सहा उत्तरं दिली. आधी तोंडानं, मग एका बोटानं. सातवा, टाचेचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी नुसतं एंटर दाबलं.

खिडकीत नवी ओळ उमटली. मामांनी ती मोठ्यानं वाचली. "चालवून बघितलं का?"

ते खुर्ची सरकवून वळले. "ऊठ. चाल."

ती टेबलापासून दारापर्यंत गेली आणि परत आली. तिनं सहाव्या वर्षी जसं नाक वर करून चालून दाखवलं होतं, तसंच. मामा तिच्या पायाकडे बघत नव्हते, खांद्यांकडे बघत होते.

"पंधरा," ते म्हणाले.

"गेल्या खेपेला तेरा होते."

"गेल्या खेपेला तू दिवसभर खुर्चीत मुटकुळं करून बसत नव्हतीस. कंबर कललीय. खोटं वाटत असेल तर आरशात बघ."

तिनं आरशात पाहिलं नाही. गेले दोन महिने तिची कंबर दुखत होती आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मामांनी एक दाबला, मग पाच शोधून पाच दाबला. बोट थरथरत होतं. भाचीनं मदत केली नाही. मशीन घरघरलं, चिठ्ठी आली, आणि खिडकी पहिल्या प्रश्नावर परत जाऊन रेघ लुकलुकवत बसली.

"नाव?" मामांनी वाचलं, आणि खिडकीलाच म्हणाले, "जरा दम धर. बाईंना फोन करून बोलावतो."